हा हात कुणाचा?

“हा कुणाचा हात ठिवलाय गं हितं?”

दुपारी आजीला पेज भरवत होते. तिनं उजव्या हातानं स्वतःचाच डावा हात उचलला आणि बाजूला सारला, एखादं भांडं सरकवावं तसा.

“आजी, तुझाच की हात.”

“माझा न्हवं. सासूचा असंल. बांगड्या बघ की.”

हिरव्या बांगड्या, अंगठ्याखाली विळ्याचा जुना व्रण. येळ्ळूरच्या शिवारात जन्मभर भात कापलेला हात.

डॉक्टर म्हणाले, झटका मेंदूच्या उजव्या बाजूला आलाय, डाव्या अंगाचा कारभार तिकडूनच चालतो. असे पेशंट कधीकधी आपलाच हात दुसऱ्याचा मानतात. वेड नव्हे ते. म्हणजे ‘हा हात माझा’ एवढं साधं वाटणंसुद्धा मेंदू क्षणोक्षणी रचत असतो!

मला सारनाथ आठवलं. तिथं बुद्धांनी पाच भिक्खूंना सांगितलं, रूप म्हणजे हे शरीर अनात्म आहे. ‘नेतं मम, नेसोहमस्मि, न मेसो अत्ता.’ हे माझं नाही, हा मी नाही, हा माझा आत्मा नाही. पुढं वेदना म्हणजे सुखदुःखाचं वाटणं, संज्ञा म्हणजे ओळखणं, संस्कार म्हणजे मनाच्या प्रवृत्ती, विज्ञान म्हणजे जाणीव, सगळ्यांबद्दल हेच.

पण ते सांगणं माणूस मोकळा व्हावा म्हणून होतं. आजी तर घाबरली होती. ‘माझं’ सोडणं वेगळं, ‘माझं’ निसटून जाणं वेगळं. आजच्या मेंदूशास्त्रानं बुद्धांचं म्हणणं सिद्ध केलं असं कुणी पटकन म्हणतं, तेव्हा मला आता तिचे डोळे दिसतील.

संध्याकाळी त्या हाताला खोबरेल चोळलं. ती बराच वेळ बघत राहिली.

“चोळ, चोळ. लई राबलीय ती.”