सिलिंडर बदलला की शिसं का बदलता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. बेळगावात, खानापुरात, निपाणीच्या पाहुण्यांत, सगळीकडे हाच प्रश्न येतो: स्कूबा डायव्हिंगला, म्हणजे हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली जाताना, पाठीवर १४ किलोचा सिलिंडर असताना कमरेला आणखी शिसं, म्हणजे खाली नेणारी वजनं, कशाला, आणि सिलिंडर बदलला की ते पुन्हा का मोजत बसता?

काट्यावर ११.१ लिटरचा ॲल्युमिनियमचा आणि १२ लिटरचा पोलादी, दोन्ही रिकामे सिलिंडर साधारण १४ किलोंचेच भरतात. पण ॲल्युमिनियमची भिंत जाड असते, त्यामुळे तो सिलिंडर जास्त पाणी बाजूला सारतो. आत भरलेल्या हवेचं वजन अडीच-तीन किलो, आणि ती तर श्वासाबरोबर संपत जाते. शेवटी ॲल्युमिनियम तुम्हाला वर ओढतो, पोलादी ओढत नाही. दोघांत दोन-अडीच किलोंचा फरक. म्हणून शिसं ठरवायचं ते सिलिंडरमधल्या हवेचा दाब ५० बार, म्हणजे भरलेल्याच्या साधारण चतुर्थांश, उरल्यावर काय होईल ते बघून.

हे मी नेत्राणी बेटाच्या बोटीवर सांगितलं होतं. मुर्डेश्वरहून निघालो होतो, बरोबर भाचा. पहिला डाइव्ह पोलादी सिलिंडरवर झाला. दुसऱ्याला ॲल्युमिनियमचा मिळाला. मी शिसं वाढवा म्हटलं. बोटीवरचा माणूस म्हणाला, वजन तेवढंच आहे, वेळ नका घालवू. भाचाही अवघडला, "मामा, सगळे थांबलेत ओ, राहू दे की." सुरुवातीला त्याला जरा जोर लावून खाली जावं लागलं. खोलवर वेटसूट, म्हणजे अंगावरचा तरंगणारा रबरी सूट, पाण्याच्या दाबाने दबला, त्याची वरची ओढ कमी झाली आणि सगळं ठीक वाटायला लागलं. परतताना सुरक्षेसाठी ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, तिथे तो थांबेचना. बीसीडीतली, म्हणजे तरंगण्यासाठी हवा भरायच्या जॅकेटातली, हवा पूर्ण काढली होती. मी त्याचा पट्टा धरला, दुसऱ्या हातात दोर. तो उलटा होऊन पाय मारत होता, डोळे माझ्याकडे. पट्टा निसटला आणि तो वर गेला. इजा काही झाली नाही. पण त्यानंतर तो पाण्यात उतरलेला नाही, आणि बहीण मला अजून विचारते, तू होतास ना तिथे? होतो. ओरडून सांगितलंही होतं. याहून जास्त उत्तर माझ्याकडे नाही.

पूर्वी मी सरळ सांगायचो, पोलादीच घ्या, शिसं कमी लागतं. आज तसं सांगवत नाही. संकटात शिसं सोडून देता येतं, पाठीवरचं पोलाद नाही. गोडं पाणी समुद्राच्या पाण्याहून हलकं, त्यात तर शिसं आणखी कमी लागतं: माणूस आणि सामान मिळून १०० किलो असेल, तर समुद्रापेक्षा अडीच किलो कमी. तिथे पातळ सूट घालून पोलादी सिलिंडर घेतला, तर बेल्टवर सोडण्याजोगं काही उरतच नाही. मग कुठला बरा? माझं ठरलेलं नाही. मी दोन्हींचे आकडे वेगळे लिहून ठेवतो, समुद्राचे वेगळे, पोहण्याच्या तलावाचे वेगळे, आणि बोट खोळंबली तरी तपासतो.