ताप नव्हता, तरीही

मागच्या वर्षी ऐन नवतप्यात, एकोणतिसाव्या आठवड्यातच मला कळा सुरू झाल्या. रात्री धंतोलीतल्या एका दवाखान्यात भरती झाले. कळा थांबवायच्या गोळ्या आणि बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्साचं इंजेक्शन सुरू झालं. दर बारा तासांनी एक, असे चार डोस. तेवढा वेळ बाळाला आत थांबवायचं, असं ठरलं.

सकाळी कळा वाढल्या. ताप मात्र ९८.४. सासूबाई दर तासाला कपाळाला हात लावून म्हणायच्या, "ताप नाही बाई, घाबरू नकोस." मीही तेच धरून बसले होते. पण बाळाचे ठोके १६८ च्या खाली येत नव्हते. पांढऱ्या पेशी १७,००० निघाल्या, तर मॅडम म्हणाल्या, "डेक्सानेही पेशी वाढतात, त्यावरून सांगता येत नाही. पिशवीत इन्फेक्शन असलं तरी आईला ताप येतोच असं नाही. गर्भजल तपासू."

पोटात सुई घालायची म्हटल्यावर मी रडले. सोनोग्राफीत बघत बघत त्यांनी बाळापासून दूर सुई घातली. दुखलं ते इंजेक्शनाइतकंच. सिरिंजमध्ये आलेलं पाणी मला दिसलं: तांदळाच्या धुवणासारखं गढूळ. मॅडम काही बोलल्या नाहीत, सिस्टरकडे फक्त पाहिलं.

हे ती ट्यूब घेऊन गाडीने रामदासपेठेतल्या लॅबमध्ये पळाले. तासाभरात फोन आला. पाण्यातली साखर ७. ती १४ च्या खाली गेली की संशय येतो, कारण जंतू आणि त्यांच्याशी लढणाऱ्या पेशी ती खाऊन टाकतात. काचेवर रंग देऊन पाहिलं तर जंतूही दिसले.

मग सगळंच उलटं झालं. गोळ्या बंद. आता बाळाला आत ठेवणंच धोक्याचं होतं. अँटिबायोटिक आणि बाळाच्या मेंदूसाठी मॅग्नेशियम सुरू झालं. त्याने अंगभर आग आग झाली. डेक्साचे दोनच डोस झाले होते, त्याची हुरहुर मला आजही आहे. पण ताप नाही म्हणून आणखी दोन दिवस थांबलो असतो, तर?

रात्री मुलगा झाला, १,१८० ग्रॅम. एवढासा आवाज काढला आणि लगेच काचेच्या पेटीत गेला.

त्या पाण्यातले जंतू वाढवून पाहतात, त्या कल्चरचा रिपोर्ट तिसऱ्या दिवशी आला. ई. कोलाय नावाचा जंतू होता, आणि सुरू असलेलं औषध त्याला लागू पडत होतं. त्याच दुपारी सिस्टरने बाळाला नळीतून माझं दूध दिलं. एक मिली. मी पेटीला हात लावून उभी होते.