फोटोतून बाजूला

रविवार, रात्री दहा

"जरा बाजूला होता का? तुम्ही फोटोत येताय."

काल पहाटे ऐकलेलं हे वाक्य अजून कानातून जात नाहीये. माणूस सभ्य होता. अंधारातच येऊन, कॅमेरा तिकाटण्यावर लावून, डोंगरावर उन्हाची पहिली तिरीप पडायची वाट बघत होता. त्याच्यासारखे आणखी वीस-पंचवीस जण होते. मी मात्र सरळ चालत गोठ्यापाशी गेले आणि फळीवर तळहात टेकवला. लाकूड बर्फासारखं गार. तेवढ्यात मागून ते वाक्य आलं. मी सॉरी म्हणून बाजूला झाले, गाडीत येऊन बसले आणि रडायलाच लागले. निखिलला वाटलं थंडी बाधली. मीही त्याला तसंच वाटू दिलं.

एवढ्याशा गोष्टीने एवढं का लागावं?

गोठा मोल्टनांचा. अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये टीटनच्या डोंगरांसमोर, जॅक्सन होलच्या खोऱ्यात मॉर्मन रो म्हणून जुन्या घरांची एक ओळ आहे. पलीकडून स्नेक नदी जाते. टी. ए. मोल्टन आणि त्यांच्या मुलांनी हा गोठा १९१२ पासून १९४५ पर्यंत जमेल तसा बांधला. आधी मधला भाग, मग वर गवतासाठी माळा, मग दोन्ही अंगांना पडव्या. एका गोठ्याला तेहेतीस वर्षं. त्यांचं राहतं घर आता नाही. उरला तो गोठा, आणि लोक जगभरातून येऊन त्याचे फोटो काढतात. एकही माणूस मध्ये न येता.

गुरुवारी दादाने ग्रुपवर फोटो टाकले होते. घर-जमीन घेणाऱ्याने मागितलेत म्हणाला. घर, विहीर, पडवी, गोठा. वहिनीने सगळं झाडून लख्ख केलेलं. दोरीवर आईचं लुगडं नाही, दारात चपला नाहीत, गव्हाण रिकामी, दावणीला काही नाही. मी कामातच होते, बघून अंगठा पाठवून दिला. १९५७ साली कुळकायद्यात जमीन नावावर झाली तेव्हा आबांनीही अंगठाच उठवला होता. पुढे कित्येक वर्षं त्यांनी हप्ते भरले. पावत्या अजून त्या पत्र्याच्या पेटीत आहेत. पेटीचं काय करणार, हे मी दादाला विचारलेलं नाही.

बाजूला होता का. होते ना. जुलैत कुलमुखत्यारपत्रावर सही केली तेव्हाच झाले.

मॉर्मन रोला लोक आयडाहोतून आले ते १८९०च्या दशकात, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे. जमीन देणारा होमस्टेड कायदा १८६२ चा, लिंकनच्या सहीचा. १६० एकर घ्या, पाच वर्षं राहून दाखवा, घर बांधा, जमीन कसा, मग दोन साक्षीदार आणा आणि कागद घेऊन जा. कसेल त्याची जमीन, दुसरं काय! त्या खोऱ्यात बाकीच्यांची घरं लांब लांब विखुरलेली होती. यांनी मात्र रस्त्याच्या कडेने एकमेकांना धरून बांधली. सत्तावीस वस्त्या, मध्ये शाळा आणि चर्च. कामाला एकमेकांकडे जाता यावं म्हणून. आपल्याकडची इर्जिकच ती. साडेसहा हजार फुटांवरची जमीन, उन्हाळा म्हणावा तर जेमतेम दोन महिन्यांचा. त्यात ओट, जव आणि गवत. गुरांना सगळा हिवाळा हातानेच वैरण घालायची, म्हणजे सगळा उन्हाळा गवत कापून गंजी रचण्यात जायचा. माणसं गुरं पाळत होती की गुरं माणसांना राबवत होती, असंच वाटावं.

आणि पाट. हे मला आधी माहीत नव्हतं. ऊन वर आल्यावर फोटोवाले पांगले, तेव्हा मी पुन्हा उतरून मागच्या बाजूला गेले. सेजच्या झुडपांतून पाणी वाहत होतं. हातभर रुंद, सरळ. नदीचं पाणी असं कधी सरळ जात नाही. माणसानेच वळवलेलं. १८९६ पासून १९३७ पर्यंत या लोकांनी हाताने आणि घोड्यांच्या जोरावर पाट खणले, बांध घातले, मुख्य पाटातून शेताशेतात पाणी नेलं. त्यातल्या काही पाटांना अजून पाणी आहे.

मी तिथे उकिडवी बसले. मला आमची रात्रीची पाळी आठवली. वीज रात्रीचीच यायची. आप्पा पुढे फावडं घेऊन, मी मागे बॅटरी धरून. एक सारा भरला की दार मोडायचं, पुढच्याचं उघडायचं. पाणी साऱ्यात शिरताना मातीचा जो बारीक चुळचुळ आवाज येतो तो ऐकत आप्पा म्हणायचे, पितेय बघ. दारं धरायला मी शेवटची गेले ती बारावीच्या सुट्टीत. काल त्या पाटाचं पाणी चाललं होतं, पुढे सारा नाही, पीक नाही, कुणी दार मोडायला नाही. तरी ते आपलं चाललंच होतं. आप्पांचं पुढे लिहिणार होते. नको, आज नको.

गाडीत निखिल म्हणाला, यांची जमीन सरकारने काढून घेतली असेल. मलाही तेच हवं होतं. कुणीतरी काढून घेतलेली.

आज इथे घरी परत आल्यावर नीट वाचलं. काढून नाही घेतली. १९२५ मध्ये खोऱ्यातल्या सत्त्याण्णव जमीनमालकांनी आपणहून सह्या केल्या. शेती करून पाहिली, गुरं पाळून पाहिली, आता हे खोरं लोकांना येऊन बघण्यासाठीच जास्त योग्य आहे, अशा अर्थाचं लिहून दिलं आणि जमिनी विकायची तयारी दाखवली. अर्ज फिरवणाऱ्यांत पिअर्स कनिंगहॅम होते. १८८०च्या दशकापासून तिथे राहिलेले, अगदी पहिल्या वस्तीकऱ्यांपैकी. पहिल्या महायुद्धानंतर मांसाचे भाव पडलेले, वर दुष्काळ. पुढे धनाढ्य जॉन डी. रॉकफेलर ज्युनिअरने राष्ट्रीय उद्यानासाठी द्यायला म्हणून, स्नेक रिव्हर लँड कंपनीच्या नावाने, स्वतःचं नाव पुढे येऊ न देता, सुमारे ३५,००० एकर घेतले. त्यावरून मोठा राग झाला. १९४३ मध्ये तर निषेध म्हणून लोकांनी गुरांचा कळप राखीव जमिनीतून हाकत नेला. सगळेच राजी होते असं नाही. काहींनी हयातभर राहण्याची मुभा ठेवून विकलं. मोल्टनांच्या वंशजांकडे तर अगदी २०१८ पर्यंत एक एकर होता. पण ते सत्त्याण्णव माझ्या डोक्यातून जात नाहीत. त्यांना कुणी हाकललं नव्हतं. ते थकले होते, आणि आपण थकलो असं त्यांनी सहीनिशी लिहून दिलं.

मी इथे सगळ्यांना सांगते, आमची जमीन गेली. मराठीत हे वाक्य किती सोयीचं आहे. जमीन गेली. जशी काही एका सकाळी उठून ती आपल्या पायांनी निघून गेली.

दादा पंधरा वर्षं एकटा करतोय. उसाचं बिल, मजुरांची बोंब, त्याची कंबर. मी दोन वर्षांतून एकदा जाऊन बांधावर फोटो काढायचे. हो, मीही फोटोच काढायचे. आबांचं आपलं एकच होतं, कसेल त्याची. त्यांच्या हिशोबाने माझा हक्क बारावीच्या सुट्टीतच संपला. हे लिहिताना वाटलं होतं पुन्हा रडू येईल. नाही आलं. उलट खांदे जरा सैल झाले.

आणि त्या खोऱ्यात मोल्टनांच्याही आधी शोशोनी आदिवासी उन्हाळ्यात यायचे, कंद खणायचे, शिकार करायचे. त्यांच्या सह्या कुणी मागितल्याच नाहीत. आबांच्या आधी आमच्या रानात कोण होतं, हे मी कधी विचारलं नाही. पेटीत त्याचाही कागद असेल कदाचित.

त्या फोटोवाल्याचा राग नाही आता. त्याला तो गोठा खरंच सुंदर वाटत होता. मलाही वाटला.

साडेअकरा

झोप येईना म्हणून दादाला लिहिलं, पेटी विकू नकोस, मी दिवाळीत येऊन घेऊन जाईन. आणि आईचा एक फोटो काढ, गोठ्यापाशी उभी असलेला. तिकडे सकाळचे अकरा वाजलेत. लगेच उत्तर आलं, आई रानात गेलीय, शेजाऱ्यांच्या म्हशीला वैरण आणायला. आली की काढतो.