हिला येतं काय?

स्मरणिका समितीचं पत्र आलं तेव्हा मी नव्या कादंबरीच्या तिसऱ्या प्रकरणात रुतून बसले होते. 'अमृतमहोत्सवानिमित्त शाळेविषयी दोन पानं लिहून पाठवावीत.' शाळेविषयी म्हणून लिहायला घेतलं आणि सगळं बाईंविषयीच लिहून झालं. समितीने सांभाळून घ्यावं. हौदाजवळचा लिंब, शनिवारची सामुदायिक कवायत, गोंदेश्वराच्या देवळात नेलेली सहल आणि स्नेहसंमेलनात ऐन नाटकात कोसळलेला पडदा यांवर माझ्या वर्गातले बाकीचे लिहितीलच. (पडदा कोणी पाडला ते मला ठाऊक आहे. इथे सांगत नाही, कारण ते गृहस्थ समितीवर आहेत.)

बाई म्हणजे मराठीच्या बाई. शाळेत बाई आणखीही होत्या, पण दारातल्या पोराने नुसतं 'बाई आल्या' म्हटलं की बाकावरचे पाय आपोआप खाली जायचे ते यांच्यासाठीच.

१९८२ साल, नववी ब. शाळेच्या हस्तलिखित अंकासाठी गोष्टी मागवल्या होत्या. मी वहीची अकरा पानं भरून गोष्ट दिली. नायिकेचं नाव मधुरा. पुण्यात बंगला, दारात बोगनवेल, टपोरे डोळे, लांबसडक केस. शेवटी ती खोकून खोकून मरायची. मी तोवर सिन्नरहून नाशिकच्या पुढे गेले नव्हते आणि बंगला आतून पाहिला नव्हता, पण गोष्टीतल्या बायका बंगल्यातच राहतात अशी माझी पक्की समजूत होती.

मधल्या सुट्टीत बाईंनी शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. लाल पेन त्या उत्तरपत्रिकांना वापरत, गोष्टींना शिसपेन्सिल. माझ्या अकरा पानांत त्यांनी एवढंच केलं होतं, की ज्या क्रियापदाचा कर्ता मधुरा आहे ते प्रत्येक क्रियापद अधोरेखित केलं होतं. म्हणाल्या, "अधोरेखित तेवढं मोठ्याने वाच."

मी वाचलं. लाजली. हसली. गहिवरली. उभी राहिली. रडली. रडली. थरथरली. रडली. खोकली. गेली.

भूगोलाचे सर चहा पिता पिता ठसकले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "हिला येतं काय?"

"म्हणजे, बाई?"

"म्हणजे पोळ्या येतात का, शिवण येतं का, पोहता येतं का? उधारीचा हिशेब? निदान भांडता तरी येतं?"

"बाई, ती खूप सुंदर आहे."

"ते विशेषण झालं. मी येतं काय ते विचारतेय."

वही परत मिळाली.

घरी आई ओट्यावर विड्या वळत बसलेली. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या गोणपाटात गुंडाळलेली पानं. पत्र्याच्या मापावर पान कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड नखाने आत दुमडायचं. हे सगळं मी जन्मापासून बघत होते आणि त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं असं लिहायला आता सोपं आहे. खरं सांगायचं तर मला तेव्हा बाईंचा राग आला होता. बाईंची जिरवायची म्हणून मी आईवर गोष्ट लिहिली. घ्या, हिला विड्या वळता येतात.

गोष्टीतली आई सोशिक होती. उपाशी राहून पोरांना भरवायची, कधी चकार शब्द काढायची नाही, देवासमोर डोळे मिटून बसायची. मला वाटलं, आता तरी पहिला नंबर. बाईंनी दोन दिवसांनी वही दिली. या वेळी क्रियापदं ठीक होती. समासात पेन्सिलीने लिहिलं होतं : 'हिला राग कधी येतो? ही खोटं बोलते का? देवी झाली की गोष्ट संपते, मग आरती उरते.'

हे शेवटचं वाक्य मी पुढे निदान तीस ठिकाणी भाषणात वापरलं आहे, बहुतेक वेळा स्वतःचं म्हणून. आज कबूल करते.

तर, आई खोटं बोलायची का? बोलायची. कारखान्यात विड्या मोजून घेताना तपासणारा माणूस मूठभर विड्या 'छाट' म्हणून बाजूला काढायचा. वाकडी, सैल, तोंड उघडं, काहीही कारण. छाटीचे पैसे मिळत नसत, पण छाट परतही मिळत नसे. आईची विडी कशी असे ते मला माहीत होतं. मग आई काय करायची, तर पंचवीस-पंचवीसच्या जुड्या बांधताना वरच्या जुड्यांत पंचवीस आणि आतल्या तीन-चार जुड्यांत चोवीस. तो जेवढी छाट काढेल असा तिचा अंदाज, तेवढ्याच विड्या कमी. एक जास्त नाही, एक कमी नाही. हा हिशेब ती मनात करायची, आणि तिला सही येत नव्हती.

तिसऱ्यांदा गोष्ट लिहिली ती ही. त्यात आईने त्या माणसाला मनातल्या मनात दिलेल्या शिव्याही होत्या, शाळेत चालतील एवढ्याच. बाईंनी ती माझ्यासमोरच वाचली. वाचून झाल्यावर बराच वेळ पेन्सिल हातात फिरवत बसल्या.

"गोष्ट फार चांगली झालीय. हस्तलिखितात जाणार नाही."

मी रडले. (क्रियापद अधोरेखित.) त्यांनी रडू दिलं आणि मग विचारलं, "त्या कारखान्यातल्या माणसाचा मुलगा कोणत्या वर्गात आहे?" आमच्याच वर्गात होता, दुसऱ्या बाकावर. हस्तलिखित वाचनालयाच्या टेबलावर महिनाभर उघडं असायचं. मला हे सुचलंच नव्हतं. बाईंनी ती पानं घडी करून स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. त्या वर्षी हस्तलिखितात माझ्या नावावर पावसाळ्यावरचा एक अत्यंत मामुली निबंध आहे. कपाटात अजून असेल तर कृपया कोणी वाचू नये. आई आता नाही, तो कारखानाही नाही, म्हणून आज छापायला हरकत नाही.

दहावीत असताना जादा तासाला बाईंनी फळ्यावर चौघींची नावं लिहिली होती. अभ्यासक्रमाचा काही संबंध नव्हता. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो'मधली यमू. विभावरी शिरूरकरांच्या 'कळ्यांचे निःश्वास'मधली एखादी घर चालवणारी मुलगी. पेंडशांच्या 'रथचक्र'मधली ती. अण्णा भाऊ साठ्यांची वैजयंता. मग प्रश्न : यांतल्या कोणत्या दोघी एकमेकींकडे चहाला जातील, आणि काय बोलतील?

आम्ही चक्रावलो. यमू तर केशवपनाच्या काळातली विधवा, ती तमाशातल्या वैजयंतेकडे कशी जाईल? बाई म्हणाल्या, जाणार नाही हे कबूल, पण का नाही ते यमूच्या तोंडून सांगा. आणि वैजयंता तिला काय म्हणेल ते वैजयंतेच्या तोंडून. दोघींच्या तोंडी एकच वाक्य बसलं तर दोघींतली एक खोटी. 'रथचक्र'मधल्या बाईला लेखकाने शेवटपर्यंत नाव दिलं नाही, ती नुसती 'ती' आहे, आणि तरी ती दुसऱ्या कोणात मिसळत नाही, हे त्या तासाला कळलं. यमूची कहाणी यमूच सांगते आणि ती लिहिणारा पुरुष आहे, यावर मागच्या बाकांवरून बरीच कुजबुज झाली. १९३३ साली विभावरी शिरूरकर हे टोपणनाव कोणाचं म्हणून केवढं काहूर माजलं होतं, आणि त्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालती बेडेकर निघाल्या, हे बाई अशा रंगवून सांगत की आम्हाला तो रहस्यकथेचाच भाग वाटे. बाईंच्या मते नायिका खंबीर करायला तिच्या हातात तलवार द्यायची गरज नसते. भित्रीही चालेल, आळशी चालेल, कजाग तर उत्तमच. फक्त तिचं भिणं तिचं असावं, शेजारणीचं उसनं आणलेलं नसावं.

माझ्या तीन कादंबऱ्या आणि दोन कथासंग्रह आले, एक-दोन पुरस्कारही मिळाले. समितीने परिचयात ते घातलं आहेच. परिचयात नसलेली गोष्ट सांगते. मधली दोन वर्षं मी एका दैनंदिन मालिकेचे भाग लिहिले. पैसे चांगले होते, घराचे हप्ते होते. एका रात्री सवयीने पेन्सिल घेतली आणि नायिकेची क्रियापदं अधोरेखित केली. दाराआडून ऐकते. चमकते. तिचे डोळे पाणावतात. हातातला ट्रे पडतो. दाराआडून ऐकते. चाळीस वर्षांत मधुराचा खोकला तेवढा थांबला होता. बाई टीव्ही बघत नाहीत हे माझं नशीब.

शाळेत मागच्या वर्षी आले होते. इमारत छान झाली आहे, संगणक कक्ष तर बघण्यासारखा. हस्तलिखित मात्र बंद झालं. मुलं आता मोबाइलवर लिहितात, असं सांगितलं गेलं. लिहीत असतीलही. पण त्यांच्या क्रियापदांखाली पेन्सिल कोण ओढतं?

बाई आता नाशिकला लेकीकडे असतात. दृष्टी अधू झाली आहे, म्हणून गेल्या महिन्यात नवी कादंबरी मीच वाचून दाखवली. पहिली दोन प्रकरणं डोळे मिटून ऐकली. मला वाटलं झोप लागली. तिसऱ्या प्रकरणात धाकटी सून आली आणि बाईंनी हात वर केला.

"हिला येतं काय?"

मी तयारीत होते. म्हटलं, "बाई, स्कूटर चालवते."

"कोणी शिकवली?"

तिथेच अडले आहे. तीन आठवडे झाले.