व्हीलचेअरला क्रमांक दिला, तिथून देणगीदार जोडले गेले

आमची संस्था आजारी माणसांना घरी लागणारं साहित्य वापरायला देते. व्हीलचेअर, वॉकर, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी. गरज संपली की परत आणायचं, स्वच्छ करायचं, पुढच्या घरी पोचवायचं. पगारी माणूस एकही नाही. सगळे नोकरी-संसार सांभाळून येणारे. सुरुवातीच्या देणग्या ओळखीपाळखीतून आल्या आणि ओळखी संपल्या तशा थांबल्या. अनोळखी माणूस विचारायचा, "हिशेब कोण बघतं?" मला या प्रश्नाचा राग कधी आला नाही. कष्टाचा पैसा देणाऱ्याने हे विचारायलाच हवं.

आधी कंटाळवाणी कामं उरकली. संस्थेच्या नावाने वेगळं बँक खातं, दोन सह्यांशिवाय पैसे न निघण्याची सोय, आणि त्या सह्या एकाच घरातल्या नकोत. प्रत्येक रकमेला क्रमांकाची पावती. पावती फाडणारा वेगळा, बँकेच्या नोंदींशी ताळा करणारा वेगळा. छोट्या संस्थेत एकच उत्साही कार्यकर्ता सगळं ओढत असतो. पण उद्या कुणी संशय घेतला, तर स्वतःच्या शब्दापलीकडे दाखवायला त्याच्याकडे काहीच नसतं. ही शिस्त देणगीदारासाठी आहे तितकीच त्याच्यासाठीही.

खरा फरक पडला तो साहित्यावरच्या क्रमांकांनी. वस्तू हरवू नयेत म्हणून नोंदवही सुरू केली होती. मग लक्षात आलं, की ज्याच्या पैशातून खुर्ची आली त्याला तिची हकिकत सांगता येते: वर्षभरात किती घरी गेली, आता कुणाकडे आहे की दुरुस्तीला. रुग्णाचं नाव कधीच नाही. "तुमच्या खुर्चीचं चाक बदललं, एवढा खर्च आला," असं पत्र गेलं की लोक उत्तर लिहायचे. कुणी दुरुस्तीचे पैसे पाठवायचे, कुणी स्वतः मदतीला यायचं.

रुग्णांचे फोटो टाका, पैसे येतील, असा सल्ला पुष्कळांनी दिला. तो खोटा नव्हता. स्मॉल, लोवेनस्टाइन आणि स्लोविक यांच्या २००७ च्या अभ्यासात दिसलं होतं, की आकडेवारीपेक्षा एका मुलीची गोष्ट ऐकून लोक जास्त देतात. तरीही आम्ही चेहरे दाखवायचे नाहीत असं ठरवलं. आपली गादी वापरणारा, अंथरुणाला खिळलेला माणूस आपल्याला "नको" कसं म्हणणार? त्याच्या होकाराला होकार मानायला माझं मन तयार नाही.

सर्वांत अवघड वेळ आली ती पैसे जास्त जमले तेव्हा. व्हीलचेअरसाठी केलेल्या आवाहनाला अपेक्षेपेक्षा मोठा प्रतिसाद मिळाला आणि रक्कम उरली. दुरुस्तीला पैसे हवेच होते. ती तिकडे वळवावी, कोण विचारतंय, असं आमच्यातल्या काहींचं म्हणणं. मी अमेरिकन रेड क्रॉसचं उदाहरण काढलं. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर त्यांच्या लिबर्टी फंडात ५० कोटी डॉलरहून अधिक जमले. त्यातला काही भाग पुढच्या संकटांसाठी राखण्याचा बेत होता. लोकांनी दिले होते हल्ल्यात होरपळलेल्यांसाठी. संताप उसळला आणि नोव्हेंबरमध्ये संस्थेला निर्णय फिरवावा लागला. पैसे कुणी खिशात घातले नव्हते; देणाऱ्याने सांगितलेलं कारण परस्पर बदललं जात होतं, एवढंच पुरेसं झालं.

आम्ही त्या आवाहनाला प्रतिसाद देणाऱ्या प्रत्येकाला विचारलं: उरलेली रक्कम दुरुस्तीला वापरू, की परत करू? बहुतेकांनी "वापरा" म्हटलं. काहींनी परत मागितली. ती लगेच पाठवली, कारण न विचारता. त्यांच्यापैकी एकीने नंतर पुन्हा देणगी दिली, आणि यावेळी "कशासाठी" या रकान्यात लिहिलं, "तुम्हाला गरज वाटेल तिथे".

आता वार्षिक हिशेब तपासायला आम्ही कार्यकारिणीत नसलेल्या दोन देणगीदारांना बसवतो. या वर्षी त्यांनी वाहतूक खर्चाच्या नोंदींत गाडीची फेरी कोणत्या साहित्यासाठी झाली तेही लिहा, असं सांगितलं. पुढच्या महिन्यापासून तो रकाना सुरू होतोय.