"तव नयनी" आता बास करा

शब्द उलटेपालटे लावले न् मधेमधे दोन जुने शब्द टाकले की कविता झाली, हा समज आपल्याकडं लई पक्का बसलाय. मध्ये परभणीत एका छोट्या कविसंमेलनात एक पोरगा "तव नयनी मेघ दाटले" असं काहीतरी वाचत होता, आणि चहाला बाहेर आल्यावर तोच सांगायला लागला, "आभाळ रोज भरून यायलंय पण पडंना, चाललं सोयाबीन हातचं." आता बघा, क्रियापद आधी आलं, "हातचं" शेवटी गेलं, क्रम त्यानं इथंबी मोडलाच की, पण जीव जिथं अडकला होता तिथून वाक्य सुरू झालं. वहीत असं का येत नाही?

क्रम बदलायला माझी अजिबात ना नाही. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटलेले असतात, त्यामुळं शब्द इकडचा तिकडं नेला तरी अर्थ सहसा हरवत नाही. मर्ढेकरांचं "पिपांत मेले ओल्या उंदिर" घ्या. "ओल्या" हे पिपाचं विशेषण, ते क्रियापदाच्या पलीकडं नेऊन ठेवलंय, असं कुणीच बोलत नाही. 16 मात्रा सांभाळल्यात हे खरं, "उंदीर"चा "उंदिर" त्याच्यासाठीच झालाय, पण नुसतं तेवढंच नाही ना, मेले हे आधी कळतं आणि कोण मेले ते सगळ्यात शेवटी. त्या ओळीतले शब्द सरळ लावून बघा, बातमी होते.

जुन्या भाषेचं मात्र मला पटत नाही. पैठणच्या नाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली, म्हणजे जवळजवळ 300 वर्षं जुनी मराठी त्यांनी ओवी ओवी करून तपासलेली, वर संस्कृतचे पंडित. आणि भारुडं लिहिताना? जोशी, वासुदेव, सगळी रस्त्यावरची माणसं आणि त्यांचीच बोली. ज्याला जुनं सगळ्यात जास्त येत होतं त्यानं ते तिथं बाजूला ठेवलं, आणि आपण कुठून तरी "मम" न् "तव" उचलून आणतो, कशासाठी?

हां, जे जुनं अजून तोंडात आहे ते बिनधास्त वापरा. आमच्याकडं खेड्यातली म्हातारी माणसं आजबी "म्या सांगितलं" म्हणतात, पुस्तकी मराठीतून हा "म्या" कधीच गेलाय. तो कवितेत आला तर मला आनंदच होईल, पण नव्या पोरांच्या वह्यांत तोच नेमका खोडलेला दिसतो, गावंढळ वाटतो म्हणून.