आमची वाटचाल : नेमप्लेटपासून केसपेपरच्या पाटीपर्यंत

नेमप्लेट, दुकानांचे बोर्ड आणि फ्लेक्स, इथून आमची सुरुवात. मग दवाखाने, सरकारी कचेऱ्या यांच्या आतल्या दिशादर्शक पाट्यांचं काम येऊ लागलं. यात छपाई हा सगळ्यात सोपा भाग.

आता मापं घेण्याआधी आम्ही वॉचमनशेजारी खुर्ची टाकतो. दोन तास कोण काय विचारतं ते वहीत उतरवायचं. ‘नोंदणी कक्ष’ कुणीच विचारत नाही. ‘केसपेपर कुठं काढायचा?’ विचारतात. म्हणून पाटीवर ठळक ‘केसपेपर’, कार्यालयाचं नाव खाली बारीक. ‘बाह्यरुग्ण विभागा’ला सगळे ओपीडीच म्हणतात. मग लोक जिथे थबकतात तिथे नकाशावर खुणा : दार, लिफ्ट, जिन्याचं तोंड, बोळाचा फाटा. पाटी तिथेच. एका पाटीवर पाचच्या वर नावं आम्ही घेत नाही, साहेबांनी कितीही आग्रह केला तरी.

अक्षराची उंची म्हणजे अंतर भागिले २००. १० मीटरवरून वाचायचं तर शिरोरेषेपासून खाली ५० मिमी, मात्रा-उकार सोडून. इंग्रजीच्या हिशेबाने ओळी लावल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात घुसतो. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडात आणताना जोडाक्षरं फुटतात. ‘शस्त्रक्रिया’ आधी तपासा. प्रूफवर सही झाली की मजकूर कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचं नुसत्या आकारांत रूपांतर करूनच, फाइल प्लॉटरवर (अक्षरं छापणाऱ्या-कापणाऱ्या यंत्रावर).

डावीकडचा बाण पाटीच्या डाव्या टोकाला, उजवीकडचा उजव्या. वर तोंड केलेला बाण म्हणजे ‘सरळ जा’. पण जिन्यापाशी लोक तो ‘वर चढा’ असा वाचतात. तिथे जिन्याचं चित्र आणि मजल्याचा आकडा द्यावा.

सनबोर्ड (फोमचा हलका पत्रा) स्वस्त, पण पावसाळ्यात भिंतीने ओल धरली की डबल टेपसकट खाली येतो, वर डिस्टेंपरचा पापुद्राही घेऊन. म्हणून ३ मिमी एसीपी (दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम असलेला पत्रा), चारही कोपऱ्यांना प्लग-स्क्रू. व्हिनाइलवर (पत्र्यावर चिकटवायच्या छापील प्लास्टिकवर) मॅट, म्हणजे न चमकणारं लॅमिनेशनच हवं. ग्लॉसीवर ट्यूबलाइट चमकते आणि तिरक्या नजरेला निम्मी अक्षरं गायब होतात.

खोल्या बदलतातच. त्यामुळे प्रत्येक नावाची पट्टी सुटी ठेवतो. विभाग हलला तर तेवढीच बदलायची. महिनाभराने परत फेरी मारून भिंतीवर चिकटवलेले ए-फोर कागद मोजतो. जिथे मार्करने ‘एक्स-रे इकडे’ लिहिलेलं असतं, तिथे आमची पाटी चुकलेली असते. ती दुरुस्ती आमच्या खर्चाने.